कोरडी पूजा

"फोडला," आबा म्हणाले. "लिही. बायकोने टीव्ही फोडला."

मी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. "आबा, काच तर धड आहे."

"मग बुडवला लिही. पाणी घालून बुडवला. तुमच्या कंपनीच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते तुझं तू बघ."

टीव्ही आमच्या समोरच होता. नवाकोरा, चपटा, आमच्या गल्लीत पहिलाच. बटण दाबलं की आवाज यायचा, पण पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा, इरकली लुगड्याच्या काठासारख्या. वरच्या कडेला खंडेनवमीचं झेंडूचं फूल अजून खोचलेलं होतं आणि दसरा होऊन चार दिवस झाल्यामुळे ते पार सुकलं होतं. इंदूकाकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात मेथीची जुडी. नवरा त्यांच्याबद्दल बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नव्हतं. सवयच होती त्यांना.

ही गोष्ट कराडची, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी नुकतीच विम्याची एजन्सी घेतली होती. माणसाचा विमा सगळेच काढतात, म्हणून मी म्हटलं आपण घरातल्या सामानाचा काढायचा. गल्लीत लोक हसले. "घरात आहे काय विमा काढायला, दोन कळश्या आणि एक सासू," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. एकट्या आबा शेवाळ्यांनी काढला, तोही ह्या टीव्हीपायी. रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेला टीव्ही, जीव अडकला होता त्यात त्यांचा.

पॉलिसी काढताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "उद्या हा मोडला तर पैसे मिळणार का? हो किंवा नाही, एवढंच सांग."

मी म्हटलं, "हो." आणि तिथेच फसले. कारण त्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नसतं. चोरी झाली, आग लागली, नदीचं पाणी घरात शिरलं तर मिळतात. घरातल्या कुणाच्या हातून चुकून पडला, पाणी सांडलं तरी मिळतात, कारण तेवढं जादाचं कलम मी त्यांना आग्रहाने घ्यायला लावलं होतं. पण टीव्ही आपोआप बंद पडला, म्हातारा होऊन गेला, तर छदाम मिळत नाही. मुद्दाम फोडला तर प्रश्नच मिटला. हे सगळं मी त्यांना सांगितलं होतं, चांगलं अर्धा तास. आबांनी त्यातला 'हो' तेवढा ऐकला आणि गल्लीभर सांगून टाकला.

आबांनी सांगणं म्हणजे साधं सांगणं नव्हे. आयुष्यभर ते कराडच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कर्ण्यातून 'पाटण-चिपळूण गाडी फलाट क्रमांक चारवर' असं सांगून सांगून त्यांचा आवाजच तसा झाला होता. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या तीन घरांना कळायचं. आणि एस.टी.त राहून त्यांनी एक तत्त्व कमावलं होतं, की गाडी कधी लेट नसते, प्रवासी लवकर येतात. पडला तरी नाक वर, म्हणतात ना, तसा माणूस. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याचं कराडात कुणाला आठवत नव्हतं.

त्यामुळे आता सगळी गल्ली डोळे लावून बसली होती. क्लेम पास झाला तर माझं नशीब उघडणार होतं. नाही झाला तर आबा तेही कर्ण्यातून सांगणार, आणि मला दुसऱ्या दिवसापासून कुरडया विकायला बसावं लागणार.

"नक्की झालं काय?" मी विचारलं.

"खंडेनवमी झाली. दुसरं काय होणार? हत्यारांची पूजा, यंत्रांची पूजा. ही बाई पळी-पंचपात्र घेऊन घरभर फिरली. विळी झाली, कात्री झाली, शिलाई मशीन झालं, मिक्सर झाला. मग आली टीव्हीकडे. संध्याकाळी लावतो तर ह्या रेघा. मेकॅनिक आला, मागचं उघडलं, म्हणाला आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही म्हणाला." आबांनी शोकेसकडे बोट केलं. "आणि हे काही पहिल्यांदा नाही."

मी मनात म्हटलं, आलं.

त्या शोकेसमध्ये, कपबशांच्या वरच्या खणात, मधोमध एक ट्रान्झिस्टर ठेवलेला होता. कातडी कव्हरचा, लांब एरियलचा, आणि ठार मेलेला. त्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा आणि मग ह्या ट्रान्झिस्टरची गोष्ट. आबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी पै पै साठवून घेतलेला. लग्न झालं, पहिली खंडेनवमी आली, आणि नव्या नवरीने हौसेने त्याची पूजा केली ती पंचामृत शिंपडून. रेडिओ एकदा खरखरला आणि गेला तो गेलाच. आबांनी तो फेकला नाही, पुराव्यासारखा जपून ठेवला. गोष्टीचा शेवटही ठरलेला असायचा. "त्या दिवसापासून हिच्या हातात मी काचेचा पेलाही देत नाही." पाहुणे हसायचे. काकी चहाच्या कपबश्या गोळा करायच्या, आणि त्या काचेच्याच असायच्या, पण ते कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मी आत गेले. काकी पाटावर बसून मेथी निवडायला लागल्या होत्या. मी समोर बसले आणि चार काड्या हातात घेतल्या.

"काकी, खरं काय ते मला सांगा. कंपनीचा माणूस साताऱ्याहून येणार, तो सगळं विचारणार."

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "हेमे, पूजा कोरडी होती गं."

"कोरडी म्हणजे?"

"विळी-कात्रीला मी पाणी शिंपडते, ओलं गंध लावते. विजेच्या वस्तूला कोरडं करते. मिक्सरला नि टीव्हीला बोटाने दाबून चिमूटभर हळद-कुंकू, अक्षता आणि एक फूल. आधी हात पदराला पुसते. त्या रेडिओपासून मी विजेच्या वस्तूला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. आजवर कधी नाही."

"मग हे आबांना सांगा की."

"सांगितलं. म्हणाले, मग पाणी काय भुताने घातलं? मी पूजा करून कृष्णाबाईच्या देवळात ओटी भरायला गेले. परत आले तर हे तिथेच कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, बघ तुझी पूजा." त्यांनी एक काडी दोनदा निवडली. "आता मलाच खात्री वाटेना. असेल हात ओला राहिलेला. इतकी वर्षं ऐकलं ना, की आपलाच हात आपल्याला ओला वाटायला लागतो."

मला इतका राग आला की मी मेथीचा चुरा केला. "काकी, खात्री नसेल तर तसं सांगा. नाही म्हणा सरळ."

"नाही म्हटलं तर काय होईल? कंपनीचा माणूस म्हणेल आपोआप बिघडला. आपोआप बिघडला तर पैसे नाहीत, हे तूच म्हणालीस. मग हे तुलाही सोडायचे नाहीत. तुझा धंदा नवीन आहे." त्यांनी माझ्या हातातला चुरा काढून घेतला. "माझ्या नावावर आधीच एक रेडिओ आहे. त्यात एक टीव्ही. काय फरक पडतो?"

फरक पडत होता. ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. रेडिओ गेला तेव्हा त्या कोवळ्या पोर होत्या, अंगात हौस होती, चुकलं असं म्हणता येत होतं. आता पन्नाशी उलटल्यावर तीच गोष्ट परत, तीही सही करून. पुढचं सगळं आयुष्य पाहुण्यांसमोर एकाच्या जागी दोन गोष्टी ऐकायच्या. आणि खोटं कशाला सांगू, मला मनात कुठेतरी हायसंही वाटलं होतं, की निदान क्लेम तरी जाणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी साताऱ्याहून तांबोळी साहेब आले. कंपनीने नेमलेले सर्व्हेअर. काटकुळा, शांत माणूस, पिशवीत बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर. बूट दाराबाहेर काढले, पाणी प्यायले आणि कामाला लागले. टीव्ही पालथा केला, मागचं झाकण काढलं, बॅटरी मारून बघितलं. आबा शेजारी उभे राहून त्यांना सगळं कर्ण्यातल्या आवाजात समजावत होते आणि ते मान हलवत होते. गल्लीतली दोन-तीन माणसं कामं नसताना दारावरून जा-ये करत होती.

"खालच्या बाजूने पाणी शिरलंय," तांबोळी साहेब म्हणाले. "पॅनेल गेलं. कुणाच्या हातून झालं?"

मी काकींकडे बघितलं. त्या पदर खोचून उभ्या होत्या. दसऱ्याचंच हिरवं लुगडं नेसल्या होत्या, कंपनीचा माणूस येणार म्हणून.

"माझ्या," त्या म्हणाल्या. "पूजा करताना."

"ठीक आहे ताई, घाबरू नका. घरातल्या कुणाच्याही हातून चुकून झालं असेल तर कलमात बसतं. तुम्ही असा, साहेब असोत, कंपनीला सगळे सारखेच." त्यांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर सवयीने मोठ्याने वाचलं. "'खंडेनवमीच्या दिवशी पूजा करत असताना माझ्या निष्काळजीपणामुळे टीव्हीवर पाणी सांडले.' बरोबर? मग इथे सही करा. झालं काम. पैसे मिळतील तुम्हाला."

क्लेम पास झाल्यातच जमा होता. काकींनी पेन हातात घेतलं, टेबलापाशी वाकल्या, आणि कुठे सही करायची ते बघायला लागल्या. चष्मा आत राहिला होता म्हणून त्यांना जरा वेळ लागत होता.

तेवढ्यात तांबोळी साहेबांची नजर शोकेसवर गेली. माणूस भला होता, वातावरण हलकं करावं म्हणून हसून म्हणाला, "वा, जुना पीस आहे. हाही पूजेतच गेला की काय?"

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पण आबांच्या अंगात एकदम वीज आली. त्यांनी घसा खाकरला, हात मागे बांधले.

"सन एकोणीसशे एकोणऐंशी. खंडेनवमी. मी पहाटेची ड्युटी करून घरी आलो. बघतो तर माझ्या ट्रान्झिस्टरला हार घातलेला, आणि एरियलवरून पंचामृत ठिबकतंय. मी म्हटलं, अगं हे काय. तर ही म्हणते, तुमच्याच रेडिओला आयुष्य मागत होते. बटण दाबलं. एकदा खर्र झालं, आणि..."

आणि आबा थांबले.

आम्ही वाट बघत होतो. तांबोळी साहेब अर्धवट हसून थांबले होते. ती गोष्ट मी पन्नासदा तरी ऐकली असेन, पण ती मध्येच थांबलेली मी कधी बघितली नव्हती.

काकी वाकलेल्याच होत्या, पेन कागदाला टेकलेलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "'त्या दिवसापासून हिच्या हातात मी काचेचा पेलाही देत नाही.' म्हणा ना. पुढचं तेच आहे."

रागाने नाही म्हणाल्या. गोष्ट अडली होती म्हणून पुढे ढकलली, एवढंच.

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग सुकलेल्या फुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेब, तो कागद फाडा."

"का? काय चुकलं?"

"तिची पूजा कोरडी होती."

त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दारापर्यंतही पोचला नसता. जा-ये करणारी माणसं दारात थबकली, त्यांनाही ऐकू आला नाही.

"ती देवळाला गेली होती. मॅच लागली होती. हिने कुंकू लावलं ते बरोबर खाली कोपऱ्यात, जिथे स्कोअर येतो तिथे. किती गेल्या, किती राहिल्या, काही दिसेना. मी ओट्यावरचं फडकं घेतलं आणि पुसलं. ओलं होतं. पिळलं पण नव्हतं मी. पाणी ओघळलं खाली, पट्टीच्या आत गेलं. मी बघितलं जाताना." त्यांनी हात मागून पुढे घेतले आणि त्यांचं काय करावं ते न कळून परत मागे नेले. "मग ही आली. माझ्या तोंडून निघून गेलं, बघ तुझी पूजा. आणि एकदा निघाल्यावर..."

तांबोळी साहेब एकदा माझ्याकडे आणि एकदा काकींकडे बघायला लागले. "साहेब, मी मघाशीच म्हटलं, कंपनीला कुणाच्याही हातून झालं तरी सारखंच. पैसे तेवढेच मिळणार. कागद तयार आहे, ताई सही करतायत, मग तुम्ही उगीच..."

"कंपनीला सारखं असेल," आबा म्हणाले. "माझं चुकलं. तसं लिहा."

काकी सरळ उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील, किंवा भांडतील. त्यांच्या जागी मी असते तर तो टीव्ही उचलून परत एकदा, ह्या वेळी मुद्दाम, फोडला असता आणि कंपनी गेली खड्ड्यात. काकींनी फक्त विचारलं, "कुठलं फडकं?"

"निळ्या रेघांचं. ओट्यावर होतं ते."

"बरं." त्यांनी पेन आबांच्या हातात दिलं. "मग सही तुम्ही करा." आणि त्या आत निघून गेल्या.

आबांनी सही केली. पूर्ण नाव, दिनकर रामचंद्र शेवाळे, खाली दोन रेघा आणि टिंबं. मी आत धावले, कारण आतून हुंदक्यासारखा आवाज येत होता. काकी ओट्याला धरून उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात, खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, की त्या हसत होत्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, दोन्ही एकदमच.

"हेमे, माझा हात कोरडा होता गं," त्या म्हणाल्या. तळहात माझ्यासमोर धरला, जसा काही अजूनही दिसणार होता. "कोरडाच होता."

"होता काकी."

"मी म्हणत होते ना तुला."

बाहेर दोन पुरुष चहाची वाट बघत बसले होते. काकींना ते कळत असावं, पण त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने आबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, आणि त्याच बारीक आवाजात म्हणाले, "साखर कुठल्या डब्यात असते?" काकींनी डबा दाखवला. तो चहा भयंकर झाला होता. तांबोळी साहेब दोन घोट घेऊन म्हणाले की त्यांना शुगर आहे.

क्लेम पास झाला. गल्लीत माझा भाव वाढला, आणि मला कुरडया विकाव्या लागल्या नाहीत. त्या गल्लीत आज एकही घर असं नाही ज्याचे कागद माझ्या कपाटात नाहीत, आणि प्रत्येकाला मी आता 'हो' म्हणायच्या आधी दम खाते. पण सांगायचं होतं ते वेगळंच.

त्यानंतरच्या दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. नवा टीव्ही भिंतीवर बसवलेला होता. शोकेसमध्ये कपबशांच्या वरचा खण मी सवयीने बघितला, तर ट्रान्झिस्टर जागेवर नव्हता. कुठे गेला ते काकींनाही माहीत नव्हतं. "एका सकाळी हे पिशवी घेऊन बाहेर पडले, येताना रिकामी आणली. मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

खण मात्र रिकामा नव्हता. मधोमध, ट्रान्झिस्टरच्याच जागी, एक फडकं ठेवलं होतं. निळ्या रेघांचं, स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौघडी घालून.

तेवढ्यात आबांचे कोल्हापूरचे साडू आत आले. पाणी झालं, चहा झाला आणि त्यांचं लक्ष शोकेसकडे गेलं. "अहो, हे काय ठेवलंय इथे? रेडिओ कुठे गेला तुमचा?"

काकी कपबश्या गोळा करत होत्या. "ह्यांना विचारा," म्हणाल्या, आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी चकलीकडे बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला, हात मागे बांधले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा जुन्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. खंडेनवमी. कोरडी पूजा. मॅच. न पिळलेलं फडकं. काही गाळलं नाही. साडू पोट धरून हसत होते, आणि आबाही आता रंगात आले होते. शेवटही त्यांनी बसवून ठेवला होता, आधीसारखाच, जरा थांबून मग म्हणण्याचा.

"त्या दिवसापासून," आबा म्हणाले, "ही माझ्या हातात फडकं देत नाही."

आतून कपबश्या विसळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"देते की," काकी म्हणाल्या. "पिळून देते."